तीन मृत्यू आणि एक प्रमाणपत्र : वर्ध्यातील हृदयोपचाराच्या इतिहासाविषयी

वर्धा जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली दोन जुनी, मोठी रुग्णालये आहेत आणि दोन्ही वर्धा शहराच्या जवळच आहेत. सेवाग्रामच्या रुग्णालयाला कस्तुरबांचे नाव आहे. सावंगी मेघे येथील रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे. नावे देताना पूज्यभावापलीकडे फारसा विचार झालेला नसावा, आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. तरीही ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. दोघांच्याही अखेरच्या आजारात हृदयविकार होता, आणि दोघांच्याही अखेरच्या दिवसांशी उपचार नाकारण्याची कथा जोडलेली आहे. कस्तुरबांसाठी आगाखान पॅलेसमध्ये आणवलेले पेनिसिलिन वापरले गेले नाही. विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध स्वतःहून सोडले. आज याच दोन नावांच्या इमारतींत तरुण डॉक्टर आणि परिचारिका थांबलेले हृदय पुन्हा चालू करण्याची विद्या शिकत असतात.

या विद्येला वैद्यकीय जगात ‘अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिअ‍ॅक लाइफ सपोर्ट’ किंवा नुसतेच ‘एसीएलएस’ म्हणतात. मराठीत ‘प्रगत हृदय-जीवनरक्षण’ असा शब्द करता येईल, पण तो कोणी वापरीत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने आखलेला हा अभ्यासक्रम साधारणतः दोन दिवसांत उरकतो. शिकणाऱ्याने रबरी पुतळ्याची छाती दाबायची, पडद्यावरील हृदयस्पंदांचा आलेख ओळखायचा, विजेचा धक्का कोणत्या आलेखाला द्यायचा आणि कोणत्याला नाही हे ठरवायचे, औषधांचा क्रम सांभाळायचा, आणि अखेरीस ‘मेगाकोड’ नावाच्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेत एका काल्पनिक रुग्णाला वाचवून दाखवायचे. उत्तीर्ण झाल्यावर एक कार्ड मिळते. त्याची मुदत दोन वर्षे. संबंधित व्यक्तीने अभ्यासक्रम पूर्ण केला एवढेच ते कार्ड सांगते. उपचार करण्याचा परवाना ते देत नाही, हे असोसिएशन स्वतःच स्पष्ट करते. आपल्याकडे मात्र त्याला सरसकट ‘प्रमाणपत्र’ म्हटले जाते आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याची मागणी होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, मृत्यूचा स्वीकार हा वर्ध्याच्या भूमीतून निघालेल्या विचारातील एक थोर धागा आहे, आणि त्याच्या थोरवीमुळेच एक साधी गोष्ट झाकली गेली आहे. उपचार नाकारायचा तर तो आधी दाराशी यावा लागतो. ज्याच्या दाराशी तो कधी आलाच नाही, त्याने काही त्यागलेले नसते. या दोन मरणांतला फरक पुसून टाकण्याचे काम आपली भाषा फार सफाईने करते.

वृत्तपत्रांतील निधनवार्ता पाहाव्यात. जुन्या पिढीतील वृत्तपत्रे ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ असे लिहीत. पुढे ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ हे वाक्य रूढ झाले आणि आता ते टंकात साठवून ठेवावे इतके ठरीव आहे. दोन्ही वाक्ये एकाच अर्थाने वापरली जातात, पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ती दोन निरनिराळ्या घटना सांगतात. झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या रोहिणीत गुठळी अडकणे. रुग्ण घामाघूम होतो, छातीत दुखते, पण तो शुद्धीवर असतो, बोलतो, कित्येकदा स्वतः चालत दवाखान्यात येतो. त्याच्याजवळ काही तास असतात. हृदय बंद पडणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा अडखळत आचके येतात. त्याच्याजवळ केवळ मिनिटे असतात. छाती दाबली गेली नाही तर विजेचा धक्का मिळायला लागणाऱ्या दर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, असे या शास्त्रातील रूढ गणित आहे. पहिल्या घटनेतून दुसरी उद्भवू शकते आणि पुष्कळदा उद्भवतेही. पण बुडणे, वीज पडणे, सर्पदंश, विषबाधा यांनीही हृदय थांबते, आणि तेथे झटक्याचा संबंध नसतो. गंमत अशी की जुने वाक्य, म्हणजे ‘हृदयक्रिया बंद पडून’, या दुसऱ्या घटनेच्या अधिक जवळचे होते. ते मागे पडले आणि ‘झटका’ या एका शब्दाने सारे व्यापले. मरण हे ‘झटक्यात’ आलेच, मग करण्यासारखे काय उरले, असा भाव त्या शब्दातच दडलेला आहे.

आता त्या मृत्यूंकडे वळू. तिघांपैकी पहिले महादेवभाई देसाई. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले, तेव्हा महादेवभाई वर्ध्यात मगनवाडीत राहत आणि रोज पायी सेगावला जाऊन परत येत. जाऊन-येऊन सुमारे अकरा मैलांची ही चाल वर्ध्याच्या उन्हाळ्यातही चुकत नसे. त्यांच्या प्रकृतीवर तिचा परिणाम झाला असे त्यांच्या चरित्राशी परिचित असलेले सारेच मानतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक होऊन ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आले, आणि १५ ऑगस्टच्या सकाळी बोलता बोलता कोसळले. वय पन्नास. त्या वेळी त्याच वास्तूत एक शिकलेली डॉक्टर हजर होती : सुशीला नय्यर, वय सत्तावीस, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजची पदवीधर. त्या धावत आल्या, गांधीजीही आले आणि महादेवभाईंना नावाने हाका मारीत राहिले. महादेवभाई उठले नाहीत.

येथे इतिहासाचा एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. त्या सकाळी सुशीलाबेनच्या हाती जे नव्हते ते त्या वेळी जगातील कोणत्याही डॉक्टरच्या हाती नव्हते. माणसाच्या हृदयाला विजेचा धक्का देऊन ते पूर्ववत केल्याची पहिली यशस्वी नोंद १९४७ ची आहे. क्लीव्हलँडच्या क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर, उघड्या छातीत, एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय पुन्हा चालू केले होते. बंद छातीवरून धक्का देणे पॉल झोल यांनी १९५६ मध्ये साधले. पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत १९५८ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केली. आणि नुसत्या दोन हातांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केले. त्या निबंधात वीस रुग्णांपैकी चौदा जगल्याचे नमूद होते. कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते; विद्युत अभियंते होते. कुत्र्यांवरील प्रयोगांत विजेच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की धक्का देण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो, असे निकरबॉकर यांच्या ध्यानात आले आणि तेथून पुढची वाट निघाली. साऱ्या यंत्रांच्या शोधातून अखेर निघाले काय, तर यंत्राविना करता येणारी गोष्ट.

गांधीजींच्या मृत्यूनंतर सुशीलाबेन सार्वजनिक आरोग्याच्या उच्च शिक्षणासाठी याच जॉन्स हॉपकिन्सला गेल्या होत्या, हेही येथे नोंदवावेसे वाटते. त्या परतल्यावर दशकभराने तेथे हा शोध लागला. दोन्हींचा संबंध काही नाही. पण महादेवभाईंची नाडी हाताला न लागलेली डॉक्टर आणि नाडी नसलेल्या माणसाला जगवण्याचा उपाय, दोघांनी एकाच संस्थेची पायरी ओलांडली होती, एवढे खरे.

दुसरा मृत्यू कस्तुरबांचा, २२ फेब्रुवारी १९४४ चा, त्याच पॅलेसमधला. त्यांचे हृदय महिनोन्महिने क्षीण होत गेले होते, छातीत जुना दाह होता, शेवटी न्यूमोनियाची भर पडली. देवदास गांधींनी आग्रह धरून पेनिसिलिन मिळवले. ते काही तासांच्या अंतराने टोचत राहावे लागेल असे कळल्यावर गांधीजींनी, आता या जीवाला छळू नये, असे मत दिले आणि ते टोचले गेले नाही. या निर्णयावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे न्यायाधीशाच्या सुरात आहे. आम्हांला त्या सुरात रस नाही. एवढेच लक्षात घ्यावे की औषध आले होते. दुर्मिळ, नवे, लष्कराबाहेर सहजी न मिळणारे औषध त्या खोलीच्या दारात होते, आणि त्यावर बोलणे, वाद घालणे, नको म्हणणे शक्य होते.

तिसरा मृत्यू विनोबांचा. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले. मग त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, सत्त्याऐंशीव्या वर्षी धाम नदीच्या काठी देह ठेवला. तोवर शास्त्र बरेच पुढे गेले होते. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्येच हृदयरुग्णासाठी विजेचे उपकरण रुग्णवाहिकेत चढवले होते, आणि १९७४ च्या अमेरिकन मानकांत ‘प्रगत जीवनरक्षण’ हा स्वतंत्र भाग आला होता. पवनारहून सेवाग्राम काही किलोमीटरवर, आणि तेथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे विनोबांनी नाकारले तेव्हा नाकारण्यासारखे काहीतरी खरोखर होते. त्यांच्या त्यागाचे वजन त्यामुळेच आहे.

महादेवभाईंच्या वेळी उपाय जगातच नव्हता. कस्तुरबांच्या वेळी औषध आले आणि नको म्हटले गेले. विनोबांच्या वेळी ते जाणून दूर ठेवले गेले. मात्र एक चौथा मृत्यू आहे, त्याला नाव नाही आणि तो आजही घडतो. उपाय जगात आहे, जिल्ह्यातही आहे, पण माणूस कोसळला त्या ओसरीवर नाही.

पुतळ्याविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आमच्या वाचकांच्या घरचे आहे. एसीएलएसच्या वर्गात विद्यार्थी ज्या चेहऱ्यावर वाकतात तो चेहरा साहित्यातला आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सीन नदीतून काढलेल्या एका अनामिक तरुणीच्या मृत चेहऱ्याचा म्हणून एक मुखवटा विकला जाई. तो खरोखर मृत चेहऱ्याचा होता की कोणा जिवंत मुलीचा, याविषयी शंका घेतली जाते. त्या अर्धस्मित चेहऱ्याने युरोपातील लेखकांना झपाटले. रिल्केच्या १९१० च्या ‘माल्ट’मध्ये तो दुकानाबाहेर टांगलेला दिसतो, नाबोकोव्हने त्याच्यावर कविता लिहिली, हॉर्वाथने नाटक लिहिले, आरागाँच्या ‘ऑरेलियाँ’त तो कथानकात शिरतो. नॉर्वेतील खेळणी बनवणारे अस्मुंड लार्दाल यांना श्वास देण्याची पद्धत शिकवण्यासाठी बाहुली बनवण्याची विनंती झाली, तेव्हा त्यांनी हाच चेहरा निवडला आणि १९६० मध्ये ‘रेसुसी अ‍ॅन’ जन्मली. लार्दाल यांचा स्वतःचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. अशा रीतीने एका बुडालेल्या मुलीवर जगभर वाचवण्याचा सराव होऊ लागला. पुरुषाचा पुतळा लोकांना तोंडाने श्वास देताना अवघड वाटेल असा लार्दाल यांचा होरा होता म्हणतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. परक्या स्त्रीच्या छातीवर हात ठेवायला चारचौघांत कोण पुढे येईल? अमेरिकेतील पाहण्यांतही सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रियांना अशी मदत पुरुषांपेक्षा कमी मिळते असे आढळले आहे, तेव्हा हा संकोच केवळ वऱ्हाडचा नव्हे.

सेवाग्रामकडे परतू. १९४५ च्या सुमारास पंधरा खाटांचे छोटे रुग्णालय कस्तुरबांच्या नावाने सुरू झाले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुशीलाबेननी त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापली. देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ते हेच. खादी, सुरुवातीला आश्रमात मुक्काम, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवणे, या तेथल्या प्रथा. सुशीलाबेन १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. दिल्लीत मोठे काही उभारणे त्यांना सहज शक्य होते. सावंगीचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० चे. त्याचा बाज वेगळा, अधिक आधुनिक आणि यंत्रसज्ज. सिम्युलेशन केंद्रही तेथे आहे. एका जिल्ह्यात या दोन तऱ्हा शेजारी नांदतात आणि दोन्हीकडे एकच अमेरिकन आलेख भिंतीवर लटकलेला असतो.

तो आलेख हा एक संहिता म्हणून वाचण्यासारखा आहे. त्याची वाक्ये आज्ञार्थी आहेत, विशेषणे नाहीत, आणि दर पाच वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघत आली आहे. २०१० मध्ये त्याचा आरंभच उलटला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती हा क्रम जाऊन छाती दाबणे प्रथम आले. थांबलेल्या हृदयासाठी वर्षानुवर्षे दिले जाणारे अ‍ॅट्रोपीन त्याच आवृत्तीत या यादीतून गळले. पुढे २०१५ मध्ये व्हॅसोप्रेसिन गेले. अ‍ॅड्रिनॅलिन टिकून आहे. पण २०१८ मध्ये ब्रिटनमधील आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ते देऊन तीस दिवसांनी जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण २.४ वरून ३.२ टक्क्यांवर गेले, मात्र मेंदू शाबूत राहून जगणाऱ्यांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. एखाद्या ग्रंथाचे पाठभेद लावणाऱ्याला यातून एक गोष्ट जाणवेल. दर आवृत्तीत ‘प्रगत’ भागातून काही ना काही गळते आणि ‘प्राथमिक’ भाग, म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबणे, अधिक ठळक होतो.

शिवाय ही संहिता जेथे लिहिली गेली तेथला रुग्ण तिच्या नजरेसमोर आहे : साठीतला, शहरी, रोहिण्या चोंदलेला. वर्ध्याच्या कापूसपट्ट्यात हृदय थांबण्याची कारणे त्या यादीच्या तळाशी ‘विषे’ या एका शब्दात गुंडाळलेली असतात. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाला अ‍ॅट्रोपीन लागते, आणि ते मंदावलेल्या हृदयासाठी आलेखात सांगितलेल्या तीन मिलिग्रॅमच्या मर्यादेत भागत नाही; तेथे मात्रा दुप्पट करीत जाऊन दहा-वीस पट, कधी त्याहूनही पुढे जावे लागते. मण्यार चावलेला माणूस पापणी उचलू शकत नाही, बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, श्वास बंद; दिसायला तो मेलेलाच. पण त्याला कृत्रिम श्वास देत राहिले तर काही दिवसांनी तो उठून बसू शकतो. कार्ड अमेरिकेच्या नावाचे आणि रुग्ण सेलू-समुद्रपूरचा. ही तफावत भरून काढण्याचे काम कार्डात नसते, ते वॉर्डात ज्येष्ठ डॉक्टरांकडून तोंडी उतरते. अशा तोंडी ज्ञानाची मराठीत नोंद व्हायला हवी असे आम्हांला फार वाटते.

आणि मुख्य अडचण रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची आहे. दोन्ही महाविद्यालये वर्धा शहरालगत; आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे हे तालुके मात्र जिल्ह्याच्या वरच्या टोकाला. आर्वी आणि हिंगणघाट येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. आष्टी आपल्याला १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे ठाऊक आहे, महादेवभाई गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये भारतातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास. पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत ५० मिनिटे. वेळ कोठे जातो ते या दोन आकड्यांवरून उघड आहे. त्याच पाहणीत तीस दिवसांतील मृत्यू गरीब रुग्णांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होते, आणि मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी होत होती. गरिबाचे हृदय अधिक दुबळे नव्हते. त्याला मिळाले कमी, एवढेच.

त्यातही चीड यावी अशी गोष्ट म्हणजे उपाय महाग नाही. १९८८ च्या एका प्रचंड चाचणीत, सतरा हजारांवर रुग्णांत, नुसत्या अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदयरोहिणी-मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. जोडीला स्ट्रेप्टोकायनेज दिले तर चाळीस टक्क्यांहून अधिक. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीची किंमत सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षणाच्या होत्या. अलीकडे छोट्या केंद्रात काढलेला ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवून तेथल्या तेथे औषध सुरू करण्याची साखळीही राज्यात उभी राहते आहे, आणि टेनेक्टेप्लेजसारखे औषध एकाच टोचणीत देता येत असल्याने ती शक्यही झाली आहे. हे सारे झटक्यासाठी. हृदय थांबलेल्यासाठी मात्र गाडी कितीही वेगाने आली तरी पहिली दहा मिनिटे घरच्यांचीच. हे ओळखून भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत शिफारशीत आली. तोंडाने श्वास नाही, औषध नाही, कार्डही नाही.

मराठी साहित्यात हृदयरोगावरील सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक वर्ध्याच्याच मातीतले आहे. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराने गाठले आणि त्यातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आले. त्याने हजारो वाचकांचा आहार, चालणे, राग आणि लोभ बदलले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ते वाचलेल्या माणसाचे पुस्तक आहे. साक्षात्कार होण्यासाठी दुसरा दिवस उजाडावा लागतो. ज्याच्यासाठी तो उजाडत नाही, त्याच्या ओसरीवरच्या दहा मिनिटांवर मराठीत आम्ही एकही गंभीर पुस्तक वाचलेले नाही. आध्यात्मिक अर्थ लावण्याची आपली ओढ इतकी प्रबळ आहे की यांत्रिक भाग आपल्याला लिहिण्याजोगा वाटत नाही.

याचा अर्थ विनोबांचा मार्ग चुकीचा असा मात्र नव्हे. उलट कायदा हळूहळू त्यांच्या दिशेने सरकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली. जानेवारी २०२३ मध्ये तिची किचकट पद्धत सोपी केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ या निर्णयासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. थांबावे केव्हा, हेही एसीएलएसच्या अभ्यासात असते, जरी ‘मेगाकोड’मध्ये पुतळा बहुधा जगतोच. पण हा हक्क कागदावर मागणारा माणूस कोण असेल? ज्याला अतिदक्षता विभाग पाहून ठाऊक आहे तोच. आष्टीच्या ओसरीवरच्या माणसासाठी ‘देवाज्ञा झाली’ हे शब्द तयार असतात. त्यांत त्याची इच्छा कोणी विचारलेली नसते, आणि देवाचीही.

शब्दांचा प्रश्न म्हणून तो शब्दांतच सोडवून पाहावा. कोशातला ‘हृदयस्तंभ’ कोणाच्या जिभेवर बसणार नाही. ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ वृत्तपत्रांत आला आहे, पण गावात तोही ‘अटॅक’च होतो. वास्तविक वऱ्हाडी शेतकऱ्याच्या बोलीत हा भेद तयार आहे. ठिबकची नळी चोक होते तेव्हा मोटर चालूच असते; टोकाची झाडे सुकतात, पण नळी मोकळी करायला वेळ असतो. मोटर बंद पडते तेव्हा साऱ्या वावराचे पाणी एकदम थांबते आणि माणूस धावत विहिरीवर जातो. पहिल्या वेळी १०८ ला फोन लावावा, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला द्यावी, चालवू नये. दुसऱ्या वेळी एकाने फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागावे. ‘नळी चोकली की मोटर बंद पडली?’ हा प्रश्न आर्वीच्या बाजारात कोणालाही विचारता येईल, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आधी हेच पाहावे लागेल की पडलेला माणूस हाकेला ओ देतो का आणि त्याचा श्वास चालू आहे का.